शिवाल्याची खिडकी : चेतसिंहाच्या गढीचे अवशेष आणि १७८१ ची बहुभाषिक स्मृती

मराठी वाचकाला काशीचे घाट परिचित आहेत ते तीर्थ म्हणून, आणि त्याखालोखाल मराठ्यांच्या धर्मकार्याची साक्ष म्हणून. अहल्याबाई घाट, भोसले घाट, बायजाबाई शिंदे यांनी १८३० मध्ये बांधविलेला शिंदे घाट या क्रमाने त्याची स्मृती नदीकाठाने चालते आणि विश्वेश्वराच्या दारी थांबते. दशाश्वमेधाच्या बरीच दक्षिणेस, अस्सीकडे जाताना लागणारी चेतसिंह घाटावरची प्रचंड वास्तू या स्मृतीच्या कक्षेबाहेर राहिलेली आहे. तिच्यावर कोणा मराठा सरदाराचे नाव नाही, हे त्याचे उघड कारण. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठे आणि कंपनी सरकार यांच्यात जो झगडा झाला, त्याचा एक धागा या भिंतीतून गेलेला आहे. शिवाय फारसी, इंग्रजी आणि हिंदी अशा तीन वाङ्मयपरंपरांनी या एकाच जागेचे वाचन आपापल्या परीने केलेले असल्यामुळे तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीनेही ती उपेक्षणीय नाही. या तिन्ही वाचनांनी मिळून एका लष्करी बांधकामाचे हळूहळू राजवाड्यात रूपांतर केले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. हे रूपांतर नेमके कोठे घडले ते दाखविण्यासाठी 'खिडकी' हा एक शब्द पुरेसा आहे.

प्रथम वास्तूविषयी. आज पर्यटकांच्या पुस्तिकांत तिला 'चेतसिंह महाल' म्हटले जाते. स्थानिक लोक 'किला' म्हणतात, आणि स्थानिकांचे म्हणणे अधिक बरोबर आहे. काशीराज बलवंतसिंह यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास हे बांधकाम केले. गंगेच्या पूर्वतीरावर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, रामनगरचा किल्ला त्यांनीच १७५० च्या सुमारास चुनारच्या वालुकाश्मात उभारला. शिवाल्याचा दगडही तोच. नदीकडच्या बाजूने पाहिले असता खालचा बराच भाग जवळजवळ सलग, निरलंकार भिंतीचा आहे. कोपऱ्यांना बुरूज आहेत. सज्जे, झरोके आणि कमानी यांना स्थान मिळाले आहे ते बऱ्याच उंचीवर. म्हणजे शोभेचा जो काही अंश आहे तो शिडीच्या टप्प्याबाहेर ठेवलेला आहे. आत चौक, बाग आणि शिवमंदिरे आहेत. मोहल्ल्याचे नावच 'शिवालया'वरून आलेले आहे.

अशा बांधकामास मराठीत 'गढी' हा नेमका शब्द आहे. वऱ्हाड-मराठवाड्यातील देशमुखांच्या गढ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना शिवाल्याची रचना अपरिचित वाटणार नाही. राहण्याचे घर, वसुलाची कचेरी, खजिना आणि शिबंदीची जागा ही चारही कामे एकाच तटात सामावलेली असतात. गढी वेढ्याला महिनोन्महिने तोंड देण्यासाठी नसते. अचानक आलेला हल्ला रोखून धरणे आणि तेवढ्या अवधीत मालकाला निसटण्याची वाट देणे एवढेच तिचे काम. शनिवारवाडा हे या प्रकाराचे सर्वांत मोठे आणि सर्वांत परिचित उदाहरण म्हणता येईल. तोही वाडाच, पण तट-बुरुजांचा. त्याच्या पाच दरवाजांपैकी एकाचे नाव 'खिडकी दरवाजा' आहे, हे येथे लक्षात ठेवावे. त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

शिवाल्याच्या गढीला नदीशी आणखी एक करार करावा लागला होता. वाराणसीत गंगा पावसाळ्यात किती चढते याची कल्पना हिवाळ्यात येणाऱ्या यात्रेकरूला येत नाही. जलआयोगाच्या मोजणीनुसार येथील धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत गेले होते. उन्हाळ्यातील पातळी याच्या कितीतरी खाली असते. घाटाच्या पायऱ्या दर वर्षी बुडतात आणि पाणी थेट भिंतींना लागते. शिवाल्याची खालची सलग भिंत ही जेवढी शत्रूसाठी तेवढीच नदीसाठी आहे. आणि १७८१ मधील प्रसंग घडला तो ऑगस्ट महिन्यात.

त्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वी त्याची अर्थव्यवस्था थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. बलवंतसिंहांचे वडील मनसाराम हे अवधच्या नबाबाच्या कारकिर्दीत मीर रुस्तम अली या अंमलदाराच्या हाताखालून वर आले आणि त्यांनी बनारसच्या जमीनदारीचे रूपांतर जवळजवळ राज्यात केले. १७७० मध्ये बलवंतसिंह वारले आणि चेतसिंह गादीवर आले. १७७५ च्या तहाने अवधचा नबाब आसफउद्दौला याने बनारसचे स्वामित्व कंपनीकडे सोपविले, आणि सुमारे साडेबावीस लाख रुपये वार्षिक खंडणीवर चेतसिंहांचा कंपनीशी थेट संबंध जोडला गेला. १७७८ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्याची वार्ता येताच वॉरन हेस्टिंग्जने खंडणीव्यतिरिक्त पाच लाखांची मागणी केली. ती पुढील दोन वर्षेही चालू ठेवली. १७८० मध्ये त्यात घोडदळाची मागणी आली. दोन हजार स्वारांपासून सुरू झालेला आकडा एक हजारापर्यंत उतरला आणि चेतसिंहांनी पाचशे स्वार व पाचशे बंदूकधारी देऊ केले. हेस्टिंग्जने ही अवज्ञा मानली आणि पन्नास लाख रुपये दंड घेण्याचे मनाशी ठरविले.

हा पैसा हवा होता कोणत्या युद्धासाठी? येथेच मराठी इतिहासाचा संबंध येतो. १७७५ पासून कंपनी पुणे दरबाराशी लढत होती. १७८० मध्ये नाना फडणिसांच्या पुढाकाराने मराठे, हैदर अली आणि निजाम एकत्र आले व त्या वर्षी हैदरने कर्नाटकात मुसंडी मारली. कलकत्त्याचा खजिना रिता होत चालला. काशीच्या जमीनदारीवर पडलेला हा वाढता भार म्हणजे पुरंदर, वडगाव आणि ग्वाल्हेर येथे चाललेल्या संघर्षाचे गंगाकाठी उमटलेले पडसाद होते. नानासाहेब पेशव्यांनी १७५९ मध्ये दत्ताजी शिंद्यांना लिहिताना काशी-प्रयाग ही क्षेत्रे शुजाउद्दौल्याकडून मिळविण्याचा आग्रह धरला होता. पानिपतानंतर ते मनोरथ मागे पडले. त्यानंतर वीस वर्षांनी काशीचा महसूल मराठ्यांविरुद्धच्या युद्धखर्चात ओढला जावा, हा योगायोग मराठी इतिहासलेखनाने फारसा नोंदलेला नाही. त्याचे कारण बहुधा असे की काशी हा विषय आपल्याकडे 'धर्मकारणा'च्या प्रकरणात जातो आणि हेस्टिंग्ज 'राजकारणा'च्या.

जुलै १७८१ मध्ये हेस्टिंग्ज कलकत्त्याहून निघाला. चेतसिंह बक्सरपर्यंत सामोरे गेले आणि त्यांनी आपली पगडी हेस्टिंग्जच्या मांडीवर ठेवली. ही गोष्ट हेस्टिंग्जनेच आपल्या निवेदनात लिहून ठेवली आहे. १४ ऑगस्टला तो बनारसला पोहोचला आणि माधोदासाच्या बागेत उतरला. १६ ऑगस्टच्या सकाळी रेसिडेंट विल्यम मार्कहॅमने त्याच्या आज्ञेवरून शिवाल्यात जाऊन चेतसिंहांना नजरकैद केले. त्यांनी प्रतिकार केला नाही. शिपायांच्या दोन तुकड्या पहाऱ्यावर ठेवण्यात आल्या. त्यांच्याजवळ दारूगोळा नव्हता. एवढ्या मोठ्या राजकारणात ही चूक कशी झाली, याचे आश्चर्य हेस्टिंग्जच्या समर्थकांना आणि विरोधकांना सारखेच वाटत आले आहे. तिचे उत्तर वास्तूत शोधता येते. ज्याला ही जागा राजाची हवेली वाटली त्याने हवेलीला पुरेल एवढाच पहारा ठेवला.

शिवाला ही गढी होती, आणि एकटी नव्हती. रामनगर व शिवाला हा जोडकिल्ला होता. एक पूर्वतीरावर प्रवाहाच्या वर, दुसरी पश्चिमतीरावर प्रवाहाच्या खाली, मध्ये पुराची गंगा. वरून निघालेल्या होड्यांना खाली यायला श्रम पडत नव्हते. अटकेची वार्ता जाताच रामनगरहून सशस्त्र माणसे नदी उतरून आली आणि त्यांनी गढीला वेढा घातला. दारूगोळा घेऊन मागाहून पाठविलेल्या तुकडीला आत शिरता आले नाही. चेतराम नावाच्या चोपदाराच्या उद्धट बोलण्याने ठिणगी पडली, असे पुढे सांगितले गेले. ठिणगी कोणतीही असो, चौकात कोंडलेल्या शिपायांची कत्तल झाली. स्टॉकर, स्कॉट आणि साइम्स हे तीन लेफ्टनंट आणि दोनशेच्या घरात शिपाई मारले गेले. तटबंदीच्या ज्या चौकाने मालकाचे रक्षण करायचे, तोच पहारेकऱ्यांचा सापळा ठरला. या गोंधळात चेतसिंह नदीच्या बाजूने निसटले. पगड्या एकमेकींना बांधून केलेल्या दोरावरून ते खाली थांबलेल्या होडीत उतरले आणि पलीकडे गेले.

ते कोठून उतरले? हेस्टिंग्जचे निवेदन १७८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्याने वापरलेला शब्द 'विकेट' असा आहे, म्हणजे नदीकडे उघडणारे लहानसे दार. आपण ज्याला दिंडी म्हणतो ते. काठ तेथे अत्यंत उभा असल्याने पगड्यांची गरज पडली, असेही तो सांगतो. तटाच्या मागच्या अंगाला असे दार असणे हा दुर्गरचनेचा साधा नियम आहे. रायगडापासून शनिवारवाड्यापर्यंत तो दिसतो. साठ वर्षांनी, १८४१ मध्ये, मेकॉलेने हेस्टिंग्जवरचा आपला गाजलेला निबंध लिहिला तेव्हा या दाराची नुसती 'बाहेर पडण्याची वाट' झाली आणि ती राजाला जणू त्या धांदलीत नव्याने सापडली. हा फरक लहान नाही. दिंडी बांधणाऱ्याने आधीच योजलेली असते. 'सापडलेली वाट' हा नशिबाचा भाग. मेकॉलेच्या वाक्यात बलवंतसिंहाची दुर्गरचना अदृश्य होते आणि उरतो तो एक भेदरलेला पौर्वात्य राजपुत्र.

हिंदी परंपरेत हीच जागा 'खिड़की' होते. चेतसिंह घाटाचे जुने नावही 'खिड़की घाट' असे होते. येथे शब्दाचा इतिहास लक्षात घ्यावा लागतो. जुन्या हिंदुस्तानीत आणि जुन्या मराठीत खिडकी म्हणजे केवळ गवाक्ष नव्हे. मोठ्या दरवाजातील किंवा तटातील छोटे दार हाही तिचा अर्थ आहे. शनिवारवाड्याच्या खिडकी दरवाजाचे नाव याच अर्थाने पडले आहे. फारसीतील 'दरीचा' या शब्दाची स्थिती अशीच आहे. 'दर' म्हणजे दार, आणि 'चा' हा लघुत्ववाचक प्रत्यय. मूळ अर्थ लहान दार, रूढ अर्थ झरोका. अर्थात 'खिड़की घाट' हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात बहुधा तटातील दारच होते. घाटाला नाव पडते ते जाण्या-येण्याच्या वाटेवरून. उंचावरच्या गवाक्षावरून नाव पडण्याचे प्रयोजन दिसत नाही. पुढे तट, शिबंदी आणि दिंडी यांचे जग ओसरले आणि खिडकी या शब्दाचा एकच अर्थ सामान्य व्यवहारात उरला. मग घाटावर उभे राहून वर पाहणाऱ्याला सांगण्यात येऊ लागले की, राजा त्या खिडकीतून उतरला. शब्दाचा अर्थ आकुंचन पावला आणि त्याबरोबर वास्तूचाही.

हिवाळ्यात पाहणाऱ्याला ती खिडकी भीतिदायक उंचीवर दिसते, आणि कथा आपोआप अद्भुत होते. ऑगस्टमधील पाणी डोळ्यांसमोर आणले तर भिंत बरीच ठेंगणी होते. पगड्यांचा दोर मग पराक्रमाचा न राहता सोयीचा वाटू लागतो. होडीही आधीपासूनच थांबलेली होती.

या अर्थांतराचा वाङ्मयीन कळस म्हणजे जयशंकर प्रसाद यांची 'गुंडा' ही कथा. १९३६ च्या 'इंद्रजाल' या संग्रहात ती आहे. प्रसाद काशीचेच. १६ ऑगस्ट १७८१ ही तारीख कथेत स्पष्टपणे येते आणि लेफ्टनंट स्टॉकरही येतो. पण कथेचा नायक चेतसिंह नव्हे. नन्हकूसिंह हा एका प्रतिष्ठित जमीनदाराचा मुलगा सर्वस्व उधळून काशीतील 'गुंडा' झालेला आहे, आणि राजमाता पन्नावर त्याचे तरुणपणापासून अव्यक्त प्रेम आहे. डोंगी घेऊन तो शिवाल्याच्या भिंतीखाली येतो, दोर अडकवून खिडकीतून आत शिरतो, पन्नाला आणि राजाला खाली उतरवितो आणि स्वतः मागे राहून लढता लढता तुकडे होऊन पडतो. येथे खिडकीची दिशाच उलटली आहे. हेस्टिंग्जच्या निवेदनात ती बाहेर जाण्याची वाट आहे, प्रसादांच्या कथेत ती प्रथम आत येण्याची वाट आहे. गढीतील दिंडी राजाने राजासाठी केलेली असते. प्रसादांची खिडकी रस्त्यावरच्या माणसासाठी उघडते, आणि राज्य वाचविण्याचे श्रेय राजाकडून काढून त्याच्या हाती देते. १९३० नंतरच्या हिंदी लेखकाने असे करावे, यात त्या काळाचा हिशेब आहे. चेतसिंह या कथेत दुय्यम आणि काहीसे घाबरट आहेत. या एका बाबतीत प्रसाद आणि मेकॉले, एरवी दोन ध्रुवांवरचे लेखक, अनपेक्षितपणे जवळ येतात.

'गुंडा' या शब्दाविषयी मराठी वाचकासाठी एक अवांतर टीप. आपल्याकडे 'गुंड' हा शब्द आज केवळ निंदेचा उरला असला तरी गुंडाजी, गुंडोपंत ही नावे घरोघर होती आणि महानुभावांच्या ऋद्धिपूरच्या श्रीगोविंदप्रभूंचे दुसरे नाव गुंडम राऊळ हेच आहे. प्रसादांनी ज्या मानाने तो शब्द वापरला तो मराठी कानाला परका वाटू नये.

फारसी साधनांपैकी खैरुद्दीन मुहम्मद यांचा 'बलवंतनामा' महत्त्वाचा आहे. एफ. कर्वेन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १८७५ मध्ये प्रसिद्ध केले. मनसारामांपासून चेतसिंहांपर्यंतच्या घराण्याची ही हकीकत आहे. तिचा रोख घराण्याच्या वृत्तांतावर असल्याने शिवाल्याचा प्रसंग तेथे एका मोठ्या ऱ्हासकथेचा भाग म्हणून येतो. स्वतंत्र नाट्य म्हणून तो येत नाही. इंग्रजीत मात्र तो नाट्यच झाला. १३ जून १७८६ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या सामान्य सभेत चार्ल्स फॉक्सने मांडलेला बनारसचा आरोप मंजूर झाला. पंतप्रधान पिटने मागणीचा अधिकार मान्य करूनही पन्नास लाखांचा दंड बेसुमार असल्याचे कारण देऊन ठरावाच्या बाजूने मत दिले. एडमंड बर्कच्या वक्तृत्वाने पुढे चेतसिंह हे नाव लंडनच्या दिवाणखान्यांत पोहोचविले. खटला १७८८ मध्ये उमरावांच्या सभेत उभा राहिला आणि २३ एप्रिल १७९५ रोजी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. बक्सरची पगडी आणि शिवाल्याच्या पगड्या ही दोन्ही दृश्ये मूळ आरोपीच्याच लेखणीतून आलेली आहेत, हे या सर्व वादात पुष्कळदा विसरले जाते. आपल्या कृतीचे समर्थन करण्यासाठी लिहिलेल्या निवेदनाने प्रतिपक्षालाच सर्वांत प्रभावी प्रतिमा पुरविल्या.

शिवाल्यानंतर चार दिवसांनी, २० ऑगस्टला, कॅप्टन मेयाफ्रेने रामनगरवर घाईने हल्ला केला. तेथील अरुंद गल्ल्यांत तो स्वतः आणि त्याचे बरेच शिपाई पडले. २१ च्या रात्री हेस्टिंग्ज बनारस सोडून चुनारच्या किल्ल्याकडे पळाला. घोड्यावर हौदा आणि हत्तीवर खोगीर चढविण्याइतकी त्याची तारांबळ उडाली, अशी कहावत बनारसच्या मुलांच्या तोंडी पुढे दीड-दोन शतके राहिली. त्याच्याबरोबर असलेला चित्रकार विल्यम हॉजेस याने १७९३ च्या आपल्या प्रवासवर्णनात लिहिले आहे की, सर्व सामान मागे टाकून त्याने फक्त आपली चित्रे आणि थोडे कपडे तेवढे वाचविले. इंग्रज वाचकासमोर गंगाकाठचे जग प्रथम ज्यांनी चित्ररूपाने उभे केले त्यांच्यातला हा एक.

या पळापळीत एक मराठी दरबारचा माणूस होता. नागपूरकर भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित आणि त्यांचे बंधू विश्वंभर पंडित हे त्या रात्री हेस्टिंग्जबरोबर चुनारला गेले. पैशाची निकड भासली तेव्हा विश्वंभर पंडितांनी बनारसच्या आपल्या घरी असलेले एक लाख रुपये त्याला देऊ केले. हेस्टिंग्जने निवेदनात त्यांचे कृतज्ञतेने वर्णन केले आणि पुढे त्या घराला जहागीर दिली. पुणे दरबार कंपनीशी युद्धात असताना नागपूरचा वकील कंपनीच्या गव्हर्नर जनरलला संकटात साथ देतो, ही गोष्ट मराठा संघाच्या आतल्या भेगांविषयी बरेच काही सांगते. तिला फितुरी म्हणणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. नागपूर-कलकत्ता संबंधांचे स्वतःचे तर्कशास्त्र होते, आणि वकिलाला राजकारणाइतकीच सावकारीचीही नजर ठेवावी लागे.

दुसरा धागा विल्यम पॉपहॅमचा. ऑगस्ट १७८० मध्ये रात्रीच्या वेळी कड्यावरून शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांकडून घेणारा तो हाच अधिकारी. बरोबर एक वर्षाने तो बनारसला मेजर म्हणून होता, आणि शिवाल्यात मेलेले शिपाई त्याच्याच फौजेतले होते. नोव्हेंबर १७८१ मध्ये त्याने चेतसिंहांचा विजयगढ घेतला. तेथील खजिना शिपाई-अधिकाऱ्यांनी आपसात वाटून घेतला आणि ज्या पैशासाठी हेस्टिंग्जने एवढा उपद्व्याप केला तो कंपनीच्या हाती लागलाच नाही. ग्वाल्हेरला ज्याला दुर्ग कळला होता, त्याला शिवाल्याची गढी ओळखण्याची वेळच मिळाली नाही.

तिसरा धागा सर्वांत महत्त्वाचा. मेकॉले सांगतो की बनारसमध्ये अडकून पडलेला असतानाच हेस्टिंग्जने मराठ्यांशी चाललेल्या वाटाघाटीसंबंधीच्या सूचना लिहिल्या आणि दूतांच्या कानांतील बाळ्यांच्या भोकांत लपवून त्या बाहेर पाठविल्या. १३ ऑक्टोबर १७८१ रोजी कर्नल म्यूर आणि महादजी शिंदे यांच्यात करार झाला आणि १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह. महादजींशी समेट करण्याची कंपनीची निकड समजून घेताना केवळ माळव्यातील लढाया पाहून भागत नाही. काशीत गव्हर्नर जनरलवर ओढवलेला प्रसंगही त्या हिशेबात धरावा लागतो. मराठी ग्रंथांत सालबाईचे विवेचन महादजींच्या मुत्सद्देगिरीवर केंद्रित असते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या वेळच्या हेस्टिंग्जच्या दुबळेपणाचा एक भाग शिवाल्याच्या चौकात तयार झाला होता.

वास्तूचे पुढचे आयुष्य पराभूतांच्या सहवासात गेले. चेतसिंहांच्या जागी महीपनारायणसिंह आले, खंडणी चाळीस लाखांवर गेली आणि शिवाला जप्त झाले. रामनगर राजघराण्याकडे राहिले, म्हणून ते नांदते राहिले. तेथील रामलीला, ग्रंथसंग्रह, दरबार या सर्वांनी त्या किल्ल्याला वर्तमान दिला. शिवाल्याला तो मिळाला नाही. दिल्लीहून १७८४ मध्ये निसटलेला बादशहा शाह आलमचा मुलगा मिर्झा जवानबख्त बनारसला येऊन राहिला आणि १७८८ मध्ये येथेच वारला. त्याचे वंशज कंपनीच्या तनख्यावर शिवाल्यात दीर्घकाळ राहत होते. ज्या दिल्लीतून हा शहजादा गेला तिची सूत्रे त्याच वर्षअखेर महादजींच्या हाती आली, आणि ज्या घरात त्याचे वंशज राहिले त्याचा मूळ धनी महादजींच्या आश्रयाला होता. एकाच माणसाच्या उदयाने दोन घराण्यांचे पत्ते असे बदलले.

एकोणिसाव्या शतकात काशी हे पदच्युतांना वसविण्याचे ठिकाणच झाले. अमृतराव पेशवे तेथे राहिले. चिमाजी आप्पा तेथे राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांबे यांच्या मुलीचा, पुढच्या झाशीच्या राणीचा, जन्म भदैनीत झाला. भदैनी ही शिवाल्याच्या दक्षिणेस, पायी थोड्याच अंतरावर. मराठी यात्रेकरू ते जन्मस्थान आवर्जून पाहतो आणि बहुधा होडीतून शिवाल्यासमोरूनच पुढे जातो.

त्या शतकाच्या उत्तरार्धात महाराज प्रभुनारायणसिंहांनी ही जागा पुन्हा काशीराजाच्या ताब्यात आणली. मूळ घाटाचे पुढे चेतसिंह, निरंजनी, निर्वाणी आणि शिवाला असे भाग पडले. मधले दोन नागा संन्याशांच्या आखाड्यांकडे आहेत. मीर रुस्तम अलीच्या नावाशी जोडला जाणारा बुढवा मंगलचा नौकोत्सव एके काळी याच भिंतीसमोर भरत असे. अलीकडच्या काही वर्षांत देवदिवाळीच्या रात्री या दर्शनी भिंतीवर प्रकाशचित्रे सोडली जातात, आणि बुरुजांच्या मधली ती कोरी भिंत पडदा म्हणून उत्तम वापरता येते. दुर्गरचनाकाराने शत्रूला पाय ठेवण्यास जागा राहू नये म्हणून ती कोरी ठेवली होती. मारल्या गेलेल्या तिघा अधिकाऱ्यांची नावे परिसरातील शिलेवर कोरलेली आहेत. शिपायांची नाहीत.

चेतसिंहांनी रामनगर, लतीफपूर आणि विजयगढ अशी एकेक गढी सोडत बुंदेलखंडातून महादजींचा आश्रय गाठला. शिंद्यांकडून त्यांना जहागीर मिळाली. बनारसला परत येण्याचे त्यांचे प्रयत्न सिद्धीस गेले नाहीत, आणि २९ मार्च १८१० रोजी ते ग्वाल्हेरात वारले. दौलतराव शिंद्यांनी आपला लष्करी तळ कायमचा ग्वाल्हेरच्या पायथ्याशी आणला तो याच वर्षी. आज 'लष्कर' म्हणून ओळखली जाणारी वस्ती तेथूनच वाढत गेली.